यंत्रासाठी नसलेली ओळ

आंजीहून पुंडलिकरावांचा फोन आला तेव्हा मी आर्वीत, आमच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, पोह्यांवर तर्री ओतत होते.

"ताई, मोटर चालू होते, पन तिच्या मनानं," ते म्हणाले. "चारची कधी सव्वाचारले, कधी पावनेपाचले. मी काई केलं नाई, बरं का!"

"मी काही केलं नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. पोहे तसेच ठेवून मी स्कूटी काढली.

तिफण ही माझी भाषा, मराठीतून प्रोग्राम लिहिण्याची. सहा वर्षं खपून मी तिचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ वाचून ती लगेच कामाला लावणारा भाग, एकटीनं लिहिला. जिल्ह्यातल्या चाळीस शेतांवर मोटरच्या स्टार्टरशेजारी एकेक डबा बसवलाय, त्यात तिफण चालते. कोणत्या झाडांना कधी पाणी सोडायचं ते शेतकरी स्वतःच त्यात लिहितो. डबे नागपूरच्या एका कंपनीचे, आणि तिथले मॅनेजर योगेंद्र पहिल्या दिवसापासून माझ्या भाषेला नाक मुरडणारे. एक चूक सापडायचा अवकाश, चाळीसही डब्यांतून तिफण उपटून ते परदेशी भाषा घालणार, हे मी जाणून होते. शुक्रवारी ते तपासणीला येणार होते. आणि नेमका सोमवारी हा फोन.

पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेत विहिरीजवळ बसून मी प्रोग्राम उघडला. 'चार वाजेपर्यंत थांब' आणि 'मोटर चालू' या दोन ओळींच्या मधे त्यांनी एक टीप घातली होती: 'पयले विहिरीत पाहाजो. कोनी असन त थांबजो.'

तिफणमध्ये 'टीप' या शब्दानं सुरू होणारी ओळ यंत्रासाठी नसते. लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी ठेवलेली ती आठवण. इंटरप्रिटर कामाला लागण्याआधीच अशा ओळी गाळून टाकतो. तो भाग मीच लिहिलाय, इनमिन नऊ ओळींचा.

"काकाजी, हे कोणासाठी लिहिलंत?"

"डब्यासाठी. तानबा सालदार होता त त्याले रोज सांगा लागे. केबल जुनी हाये, पान्यात करंट उतरते. आता हा डबा सालदार. त्याले सांगा नाई लागत का?"

मी हसले. सालभरासाठी ठेवलेल्या गड्याला बजावावं तसं त्यांनी डब्याला बजावलं होतं. डबा बिचारा आंधळा, त्याला डोळा म्हणून काही नाही.

मग मी रीतीप्रमाणे कामाला लागले. आधी व्होल्टेजवर संशय घेतला, ते ठीक निघालं. घड्याळ तपासलं. डबा बदलला. तोच प्रोग्राम घरी टेबलावर शंभर वेळा चालवला, एकदाही उशीर झाला नाही. टीप काढून आंजीला चालवला, मोटर चारच्या ठोक्याला सुरू. टीप परत घातली. त्या दिवशीही चारच्या ठोक्याला सुरू. मला वाटलं, सुटले.

बुधवारी डब्यातल्या नोंदी घेऊन मी पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसले. महिनाभरात उशीर फक्त तीनदा झाला होता. तारखा मोठ्यानं वाचल्या. विमलाबाई, म्हणजे पुंडलिकरावांच्या घरच्या, शेंगा फोडत ऐकत होत्या.

"त्या दिवशी तानबा विहिरीत उतरला होता, गाळ काढायले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या तारखेले बी तोच. तिसऱ्या बारीले आमची बालटी पडली, हे उतरले होते."

"किती वेळ?"

"घड्याळ कोन पाहाते वं माय! पन लय वेळ लागला."

नोंदीत एक्केचाळीस मिनिटं होती.

मला भीती वाटली, खरं सांगते. आणि मग त्या भीतीचाच राग आला. माझ्या सहा वर्षांच्या कामात मला न विचारता कोणी शिरावं? मी ओढणी कमरेला खोचली आणि विहिरीच्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरले. पुंडलिकराव नको नको म्हणत होते. त्यांना मी स्टार्टरचा मेन स्विच बंद करायला लावला. मोटर फिरणार नव्हती, पण डबा बॅटरीवर हुकूम सोडणारच होता, आणि त्याचा 'खट्ट' वर ऐकू आला असता.

खाली गारवा होता. शेवाळाचा वास येत होता.

"चार वाजले," वरून आवाज आला.

खट्ट नाही.

"चार पाच."

पाणी हलत नव्हतं. माझाच श्वास भिंतींवरून परत येत होता.

"चार बारा. ताई, वर ये न वं!"

मी चढले. शेवटच्या कडीवरचा पाय काठावर ठेवला.

खट्ट.

त्या दिवशी वेळ बदलून मी तीनदा उतरले. एकदा पुंडलिकरावांना पाठ करून बसवलं, एकदा घरी पाठवून दिलं. तिन्ही वेळा तेच झालं.

रात्रभर मी त्या नऊ ओळी वाचल्या. त्यांत काही नव्हतं. टीप गाळली जात होती. जी ओळ इंटरप्रिटरपर्यंत पोचतच नव्हती, ती तो पाळत होता.

शुक्रवारी योगेंद्र आले. त्यांनी नोंदी पाहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

"एक्केचाळीस मिनिटांचा उशीर. मॅडम, हा सरळसरळ दोष आहे. ती टीप काढा, नाहीतर मी भाषाच काढतो."

"टीप निघणार नाही."

"का?"

"विहिरीत बघा."

खाली तानबा होता. म्हातारा पांढऱ्या डोक्याचा, कंबरभर पाण्यात, घमेल्यात गाळ भरत होता. आदल्या दिवशीच मी त्याला सारं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "डब्याले मालूम हाये न? मंग काऊन भ्यायचं?" आज मात्र मेन स्विच चालू होता. विमलाबाईंचा हात त्याच्या दांडीवर होता, खट्ट ऐकताच पाडायला.

चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आता तुमची परदेशी भाषा लावा," मी म्हटलं, "चारला मोटर चालू करायला सांगा, आणि विहिरीत उतरा. नंतर माझी लावा आणि उतरा. कोणत्या भाषेच्या भरवशावर उतराल ते मला लिहून द्या."

तानबा कण्हत वर चढला. त्याचा ओला पाय काठाला लागला आणि मोटर गुरगुरत सुरू झाली. विमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"हे कसं होतं?" योगेंद्रनी विचारलं.

"मला माहीत नाही. पण माझी भाषा माणसाचं ऐकते, आणि ती राहणार. चाळीसही डब्यांत. आणि कुणाच्याही टिपेला हात लावायचा नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. हेसुद्धा लिहा."

त्यांनी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. मी स्कूटीवर गाणं म्हणत आर्वीला आले.

दिवेलागणीला, केवळ आनंदापोटी, मी घरूनच, लॅपटॉपवर, चाळीसही डब्यांतल्या टिपा वाचायला घेतल्या. आजवर कधी वाचल्या नव्हत्या. यंत्रासाठी नव्हत्या, तशा माझ्यासाठीही नव्हत्या. 'युरिया आनजो.' 'पोट्टे आले त संत्रे तोडू देजो.' वाचताना माझं मन भरून आलं.

सदतिसावा डबा पुलगावजवळच्या किसनरावांचा. तो मंगळवारी दुपारपासून एकाच ओळीवर थांबलेला होता. ती टीप होती.

'कोनी पाइप न्यायले आला त जाऊ देजो नाई.'

माझ्या सहीची शाई वाळली नसेल, तरी मी ती ओळ पुसली. प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

डबा हलला नाही. आता कुठेच नसलेल्या ओळीवर तो थांबून होता.

मी किसनरावांना फोन लावला. ते शेतातच होते.

"पाइप हायेत का काकाजी?"

"हायेत न, सारे जाग्यावर. काऊन?"

"शेतात कोणी आहे?"

"कोनीच नाई. धुऱ्यावर, बांधापाशी, चपलांची एक जोडी तेवढी पडून हाये, मंगळवारपासून. कोनाची हाये त मालूम नाई."

"चपलांची तोंडं कुठं आहेत?"

ते चालत गेल्याचं ऐकू आलं. मग थांबले.

"बाहीर," ते म्हणाले. "रस्त्याकडे."