डगल्याचा घास

जिनेशने जुन्या काळच्या शिपायाचा डगला करायला घेतला, तेव्हा आमच्या जैन घरात पहिला वाद झाला तो कातडी पट्ट्यांवरून.

"आई, पाचशे वर्षांपूर्वीचा पायदळातला शिपाई कातडंच वापरायचा. आम्हाला सगळं त्या वेळचं हवंय."

"त्याने आपल्या आईला विचारलं नसेल," मी म्हणाले.

शेवटी सुती नाड्यांवर तडजोड झाली.

ही दोन हजार चारच्या जानेवारीतली गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं भुसाराचं दुकान, वर घर. माझे यजमान गल्ल्यावर बसत, जिनेश हाताखाली. तो आणि त्याचे मित्र शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्या लढाईचा देखावा करणार होते. नारायणगावच्या सयाजी लोहाराने लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून छातीपुरतं चिलखत केलं होतं. त्याच्या आत घालायचा हा डगला. जाडंभरडं हातमागाचं कापड, मधे कापसाचे थर, गुडघ्यापर्यंत लांबी. वार आधी कापूस झेलतो, असं जिनेश सांगे. मशीनचा एकही टाका नको, हा त्याचा हट्ट.

म्हणून घोडेगावहून साळुबाई आल्या. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आठ दिवस रोज एस्टीने येऊन आमच्या माडीवर टाके घालत बसत. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडली, घासभर तुकडा कापसात सारला आणि कोपरा शिवून टाकला.

"हे काय हो, साळुबाई?"

"पोट भरलं त्याचं. गोधडी असू द्या न्हाई तर डगला, उपाशी ठिवू नये, कस्तुरबाई. उपाशी राह्यलं की पांघरणाऱ्यालाच खातं." आणि मोठ्याने हसल्या. "आमची सासू म्हनायची, बगा. तिला तरी कुठं काय कळत व्हतं!"

त्या गेल्यावर मी तो कोपरा उसवला. कापसात अन्न राहिलं की अळ्या होणार, आणि डगल्यावर तर देखाव्यात काठ्या बसणार. एवढे जीव जाणूनबुजून कसे मारायचे? तुकडा गाईला घातला आणि टाके होते तसे परत घातले. कुणाला बोलले नाही.

जिनेशने दुकानातल्या काट्यावर वजनं करून वहीत लिहिली होती. डगला सात किलो. तो स्वतः चौसष्ट. सवय व्हावी म्हणून रोज सकाळी तो डगला चढवून गडाच्या पायऱ्या चढायचा.

चौथ्या दिवशी तो सात भाकऱ्या जेवला.

"गडाची हवा लागली लेकाला," यजमान म्हणाले.

पाचव्या दिवशी नऊ. तरी आठवड्यात गालाची हाडं वर आली. मी त्याला काट्यावर उभं केलं. एकोणसाठ.

"आता डगला ठेव."

बारा.

"घामाने भिजलाय गं," जिनेश म्हणाला. मी हात लावून पाहिलं. डगला कोरडा होता. मग मनाशी आधीची आणि आताची, दोन्ही बेरजा केल्या. दोन्ही एकाहत्तर आल्या.

दुपारी मी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसते. अठ्ठेचाळीस मिनिटं आसन सोडायचं नाही, हा माझा बावीस वर्षांचा नेम. त्या दुपारी डगला समोरच लाकडी घोडीवर टांगलेला होता. खालून यजमानांचं गिऱ्हाइकाशी बोलणं ऐकू येत होतं. वाळूच्या घड्याळातली वाळू निम्मी झाली असेल, तेव्हा घोट गिळल्याचा आवाज आला.

मी डोळे मिटून नवकार म्हणत राहिले.

पुन्हा गिळलं.

डोळे उघडले. डगल्याचं पोट सावकाश वर आलं. खाली गेलं. गाढ झोपलेल्या माणसासारखं. मी नेम मोडला नाही. पण माझे पायही हलत नव्हते, हे खरं सांगायला हवं.

संध्याकाळी जिनेशला म्हटलं, "बाळा, तो डगला घालू नकोस."

"परवा देखावा आहे, आई. काहीतरीच तुझं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रांनी त्याला उचलून आणलं. गडाच्या तिसऱ्या दरवाजाशी कोसळला होता. नाड्यांच्या गाठी सुटेनात, कात्रीने कापाव्या लागल्या. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. रक्तात दोष सापडेना. दुकानातल्या माणसांनी त्याला खुर्चीसकट काट्यावर ठेवलं. खुर्ची वजा जाता एक्कावन्न.

डगला मी एकटीने उचलून काट्यावर ठेवला. वीस.

साळुबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन होता.

"साळुबाई, तो तुकडा मी काढला हो."

"किती दिस झालं?"

"दहा."

"घाला, बाई. दिस बुडायच्या आत घाला."

"किती घालू?"

"आता मी काय सांगू? घासाची भूक व्हती तवा घास पुरला असता."

मी सात भाकऱ्या थापल्या. माडीचं दार लावून घेतलं आणि कोपरा उसवला. आतला कापूस कोमट होता. ओला होता. मी तुकडा सोडायच्या आधीच तो बोटांतून ओढला जाई. अळ्यांचा, पापाचा विचार मनात आला नाही. मी भरवत राहिले.

सातवी संपली. पुढे कुणी ओढलं नाही.

कोपरा शिवला. डगला खाली दुकानात नेऊन काट्यावर ठेवला.

सात.

मागे पावलं वाजली. जिनेश स्वतःच्या पायांनी जिना उतरून आला होता. गालांवर रंग होता. माझे डोळे भरून आले. त्याने खुणेनेच जेवायला मागितलं. मी लगबगीने वरून ताट वाढून आणलं.

तो त्याच्या नेहमीच्या जागी बसला नाही. पहाऱ्यावरच्या शिपायासारखा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला. ताट मांडीवर घेतलं, डावा हात त्याभोवती वेढला. सावकाश, शितन् शीत वेचून जेवला.

"पोट भरलं, माये," तो म्हणाला. जिनेश मला आई म्हणतो.

मग दाराबाहेरच्या बाजारपेठेकडे बराच वेळ पाहत राहिला आणि अदबीने विचारलं,

"हे गाव कोणतं?"