दोन पिवळे चौकोन



स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी निवत होती. मार्लिसने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला होता. मी त्याला हात लावला नव्हता. खिडकीबाहेर वितळत्या बर्फाच्या पागोळ्या गळत होत्या. टप्... टप्...

तेवढाच आवाज.

पुढे जे सांगणार आहे त्यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. रात्र नव्हती. एप्रिलमधला रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते. सुपीरियर सरोवराच्या काठचे, मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाचे आमचे गाव. माझ्या थोरल्या भावाचे, आर्नीचे घर.

आर्नी जाऊन पाच महिने झाले होते.

"उद्यापासून शेजारीण मला तिच्या गाडीतून कामावर सोडणार नाही," त्याची बायको मार्लिस शेवटी म्हणाली. "आर्नीचा तो छोटा ट्रक रस्त्यावर आला नाही, तर वृद्धाश्रमातली नोकरी गेलीच म्हणून समज. त्या गॅरेजात माझं पाऊल पडत नाही, कार्ल. तू तेवढे ब्रेक बसव."

"बसवतो."

"आणि आधी घोड्या लाव. भिंतीशीच असतील, दहा पावलांवर." तिने कप जोरात खाली ठेवला. "वीस वर्षं अख्ख्या गावाचं डोकं खाल्लं या माणसानं, घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका म्हणून. आणि स्वतः? दहा पावलं चालायचा कंटाळा!"

मी कोट चढवला.

गाडी जॅकवर उचलली की तिला तोलून धरायला खाली ज्या लोखंडी तिपाया लावतात, त्या घोड्या. आर्नीने त्यांची जागा ठरवून दिली होती: गॅरेजच्या भिंतीशी, जमिनीवर पिवळ्या रंगाने आखलेले दोन चौकोन. घेतलेले हत्यार जागेवर ठेवायचे, हा त्याचा एकमेव धर्म होता.

तो गेला त्या दिवशी ते चौकोन रिकामे होते.

घोड्या माझ्याकडे होत्या. माझ्या गाडीच्या डिकीत. सप्टेंबरपासून.

नोव्हेंबरमधल्या त्या सकाळी मी शाळेत शिकवायला निघालो होतो, तेव्हा त्याचा फोन आला होता.

"काय मास्तर, माझ्या घोड्यांना चंदी घालतोस ना? की उपाशी मारल्यास?"

"पाचला घेऊन येतो."

"पाच म्हणजे पाच हं. मी थांबतो."

मी सव्वासहाला पोहोचलो. अंगणात रुग्णवाहिका उभी होती. गंजून बसलेल्या बोल्टला त्याने पान्यावर पाइप चढवून हिसका दिला होता, आणि नुसत्या जॅकवर उभा असलेला ट्रक घसरला होता. किती वाजता, हे मी कुणालाही विचारले नाही. सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी भिंतीशी गेलो आणि दोन चौकोनांवर माझे दोन बूट ठेवून उभा राहिलो... कुणाला ते रिकामे दिसू नयेत म्हणून.

मला काही वाटले नाही. अजूनही नीटसे वाटत नाही.

पाच महिन्यांनीही ट्रक तसाच होता. पुढचे डावे चाक काढलेले, धुरा लाकडी ठोकळ्यावर. मार्लिसला खिडकीतून दिसू नये म्हणून मी एकेक घोडी कोटाखाली धरून आत आणली. जॅकने ट्रक उचलला. घोड्या लावल्या. हलवून पाहिले. मग जॅक आणि ठोकळा काढून बाजूला ठेवला.

ब्रेक जागेवर धरून ठेवणारे दोन बोल्ट असतात. वरचा आर्नीने काढलेला होता.

खालचा... तोच.

आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून पाच महिने रस्त्यांवर मीठ पसरतात. ते लोखंडात उतरते आणि दोन वस्तूंची एक करून टाकते. मी पाना लावून जोर केला. बोल्ट हलला नाही. गंजावरचे तेल फवारले.

"लोखंडाला कविता ऐकवू नकोस, मास्तर," आर्नी म्हणायचा. "तेल पाज, तीनदा ठोक, आणि गप्प बस. त्याचं त्याला सुटू दे."

मी हातोडीने ठोकले.

टक्. टक्. टक्.

आणि गप्प बसलो.

तेव्हा लक्षात आले... पागोळ्या ऐकू येत नव्हत्या. उघड्या दारातून पाणी पडताना दिसत होते. थेंब जमिनीवर फुटत होते. आवाज नव्हता.

मग...

टक्. टक्. टक्.

ट्रकच्या पलीकडून. उजव्या चाकापाशी.

मी वाकून पाहिले. कुणीही नव्हते.

पळावे असेही वाटले नाही. तळ्याच्या तळाशी पडलेल्या दगडाला जेवढे वाटावे, तेवढेच वाटले. मी पाठीवर झोपून ट्रकखाली सरकलो, पान्यावर तोच पाइप चढवला आणि ओढले.

काही नाही.

पुन्हा ओढले... आणि पाइप जड झाला. त्याच्या टोकाशी, जिथे माझा हात पोहोचत नव्हता, तिथे आणखी एक ओढ होती. माझ्याच लयीत. माझ्याहून शांत.

कडाक्!

अख्खा ट्रक माझ्यावर थरथरला... आणि जागच्या जागी राहिला.

उरलेले फेरे बोटांनीच निघाले. बोल्ट कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखा उबदार होता. तो घेऊन मी बाहेर सरकलो, उठून उभा राहिलो, आणि भिंतीकडे नजर गेली.

दोन्ही घोड्या पिवळ्या चौकोनांत उभ्या होत्या.

जॅक मी ठेवला तिथेच आडवा. ठोकळाही तिथेच. ट्रकखाली काही नव्हते. धुरा जमिनीपासून हातभर वर... हवेत.

तिथेच मी इतका वेळ झोपलो होतो.

किती वेळ पाहत राहिलो, ठाऊक नाही. मग ट्रक खाली येऊ लागला. सावकाश... दिवसभर ओझे धरून उभा राहिलेला माणूस ते जमिनीवर ठेवतो, तसा. धुरा फरशीला टेकला. आवाज झाला नाही.

आणि पागोळ्या पुन्हा ऐकू आल्या. टप्... टप्...

उरलेले काम माझ्या हातांनी केले. मनाने मी तिथे फारसा नव्हतो. ट्रक पुन्हा उचलला, त्याच घोड्या पुन्हा लावल्या, दर मिनिटाला त्यांच्याकडे पाहत दोन्ही बाजूंचे नवे ब्रेक बसवले, चाके चढवली. शेवटी घोड्या कुठे ठेवाव्यात ते कळेना. मी त्या चौकोनांतच ठेवल्या.

पाचच्या सुमारास दारात सावली पडली. मार्लिस. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती इथवर आली होती. ट्रककडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"बघ," ती म्हणाली. "होत्याच की इथे. दहा पावलं नाहीत धड."

आर्नीने ते चौकोन मार्लिसपुढे मला वाचवण्यासाठी भरले होते, की माझी चूक मला दाखवण्यासाठी, हे मला आजही कळलेले नाही. एवढेच कळत होते, की मी आता गप्प बसलो तर तो कायमचा आळशी ठरणार.

"नव्हत्या," मी म्हणालो. "माझ्याकडे होत्या. सप्टेंबरपासून. त्यानं त्या सकाळी मागितल्या होत्या. मी पाचला येतो म्हणालो होतो."

ती चौकोनांकडे पाहत राहिली.

"थांबतो म्हणाला होता तो. तू घरात होतीस, मार्लिस. ट्रक पडल्याचा आवाज... किती वाजता झाला? पाचच्या आधी, की नंतर?"

ट्रकची किल्ली माझ्या तळहातावर होती. तिने ती उचलली. तिची बोटे क्षणभर टेकली, बर्फासारखी. मग ती वळली आणि पागोळ्यांखालून, डोके न झाकता, घराकडे चालत गेली.