पंधरावं कुलूप

चेन्नईजवळच्या आवडी इथल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त होताना त्र्यंबक खरवडकरांनी बायकोला कबूल केलं होतं, की उरलेलं आयुष्य अड्यारच्या फ्लॅटमध्ये पेपर वाचण्यात घालवायचं. ते त्यांना सात महिने जमलं. दोन हजार सातच्या मार्चमध्ये पेरुंगुडीहून निरोप आला. तिथे एका आयटी कंपनीची सहा मजली इमारत उभी राहत होती आणि साइटवरून माल जात होता. कधी तांब्याची तार, कधी सळयांचे तुकडे, कधी नळ. सुरक्षेची घडी बसवून द्या, असं बिल्डरचं म्हणणं होतं. खरवडकरांनी तीस वर्षं दुसरं काहीच केलं नव्हतं. विद्युलताबाईंनी डबा भरून दिला आणि ते रुजू झाले.

त्यांनी मुद्दाम कुणावर आरडाओरडा केला नाही. दलदलीच्या बाजूची भिंत तीन फूट वाढवून तिच्यावर काचा बसवल्या. तीन फाटकांपैकी दोन बंद करून टाकली. बायकांच्या डब्यांच्या पिशव्या तपासायला बाईच ठेवली. साइटवर एकूण चौदा कुलपं होती. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आणि चौदाही किल्ल्या आपल्या केबिनमधल्या फळीवर टांगल्या. एप्रिल संपेपर्यंत साइटवरून एक खिळासुद्धा बाहेर गेला नाही.

फाटकावर रंगा नावाचा म्हातारा असे. तंजावरकडचा मराठी माणूस. त्याच्या घराण्याने कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात मराठीच होती, जुन्या पोथीतल्यासारखी आणि तमिळ हेल काढून बोललेली. खरवडकरांना ती ऐकायला आवडायची. सकाळचा चहा ते फाटकावरच घेत.

चार मेला अग्निनक्षत्र लागलं. मद्रासकडचे हे पंचवीस दिवस म्हणजे नुसता विस्तव. सकाळी सात वाजता फेरी मारताना खरवडकर मागच्या अंगाला गेले. तिथे दलदलीला लागून पत्र्याची एक रिकामी शेड होती. तिला कधी कुलूप नसायचं, नुसती कडी घातलेली असायची. त्या दिवशी कडीत कुलूप होतं. गोल, पितळी, बिनआकड्याचं.

त्यांनी ते हातात घेतलं आणि चटकन सोडून दिलं. बोटं पोळली होती. ऊन अजून भिंतीच्या अलीकडे उतरलेलंही नव्हतं.

कुणीतरी वेल्डिंगच्या गॅसने तापवून ठेवलं असेल, असा त्यांनी विचार केला. हॅक्सॉ मागवून कुलूप कापलं. आत काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात सिमेंटचं फाटकं पोतं आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, ठोकून ठोकून पडलेले बारीक पोचे. पोचे सगळे आतून बाहेर गेलेले होते.

फाटकावर परत आल्यावर त्यांनी रंगाला विचारलं, "मागच्या शेडला कुलूप कुणी लावलं?"

रंगाचा चहाचा पेला ओठाशीच थांबला. "त्या कुलपाला हात लावूं नका, सार," तो म्हणाला. "तें ह्या साइटचें नव्हे."

"मग कुणाचं?"

"लॉरी आली वाटतें," असं म्हणून रंगा उठला. रस्त्यावर लॉरी नव्हती.

सोमवारी तसंच कुलूप लिफ्टच्या पिंजऱ्याला सापडलं. बुधवारी पाण्याच्या टाकीच्या झाकणाला, आणि शंभर माणसं दुपारपर्यंत तहानलेली राहिली. दर वेळी तेच पितळ, तोच चटका. खरवडकरांनी आधी मजुरांवर संशय धरला, मग आपल्याच रखवालदारांवर. दोघांना बदललं. दुसऱ्या दिवशी कुलूप त्यांच्या स्वतःच्या केबिनला होतं.

ते कापलेलं कुलूप घेऊन ते साइटचा मुख्य इंजिनिअर राजगोपाल याच्याकडे गेले. राजगोपाल चाळिशीतला, कडक इस्त्रीचा, कामाला वाघ माणूस. इमारत वेळेच्या दोन महिने पुढे होती ती त्याच्यामुळेच. "खरवडकर, तुम्हाला एका कुलपाने घाबरवलं?" असं हसत हसत त्याने कागदातून मान वर काढली. टेबलावरचं कुलूप पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी राहून गेलं. नंतर त्याने पेन्सिलीच्या टोकाने ते कुलूप कचऱ्याच्या टोपलीत लोटलं.

"जुनं भंगार आहे," तो म्हणाला. "पुन्हा माझ्याकडे आणू नका."

त्यानंतर तीन दिवसांनी, भर दुपारी, स्टोअरकीपर तंगवेलु लोखंडी कंटेनरमध्ये कोंडला गेला. जेवणाची सुट्टी होती. आवाज ऐकून खरवडकर धावले आणि स्वतः कुलूप कापलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. तंगवेलु बाहेर पडला तो गुडघ्यांवर. तळहातांना फोड आले होते आणि ओठ फाटून त्यांतून रक्त येत होतं. दोन दिवस पाणी न मिळालेल्या माणसासारखा तो दिसत होता.

पाणी पाजल्यावर तो तमिळमध्ये हळूच म्हणाला, "बाहेर बाई होती. नाव सांग म्हणत होती. नाव सांग, उघडते."

"कोण बाई?" खरवडकरांनी विचारलं. कंटेनरपाशी त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं.

तंगवेलु "मी सांगितलं नाव," एवढंच म्हणाला, राजगोपालच्या ऑफिसकडे एकदा पाहिलं, आणि संध्याकाळच्या बसने गावी निघून गेला.

खरवडकरांनी रंगाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "आता सगळं सांगायचं," ते म्हणाले.

रंगाने बराच वेळ टॉवेलने तोंड पुसलं. मग सांगितलं.

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत साइटवर धनलक्ष्मी नावाची बाई विटा वाहायला होती. नवरा वारलेला, सासूजवळ गावी ठेवलेली एक मुलगी. एका सकाळी तांब्याच्या तारेचं भेंडोळं मिळेना. तंगवेलुने तिचं नाव घेतलं, कारण आदल्या दिवशी ती स्टोअरपाशी पाणी प्यायला थांबली होती. राजगोपालने तिला मागच्या शेडमध्ये घातलं आणि बाहेरून आपल्या हाताने कुलूप लावलं. बरोबर कोण होता त्याचं नाव सांग, उघडतो, असं तो म्हणाला. किल्ली खिशात टाकून मीटिंगला अड्यारला गेला. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. परत आला तो पाच वाजता.

"तीन वाजेपावेतों पत्रा वाजत होता, सार. मग वाजेना." रंगा खाली पाहत होता. "सारांचा हुकूम होता, कोणी उघडूं नये. मी फाटकावर बसलों होतों. मला ऐकूं येत होतें. मी बसूनच राहिलों."

"आणि तार?"

"लॉरींतच होती. उतरवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीं सांपडली."

बाई उन्हात काम करताना चक्कर येऊन पडली आणि मेली, असं कागदावर आलं. राजगोपालने कुलूप कापलं नाही, किल्लीने उघडलं होतं, आणि किल्लीसकट ते दलदलीत भिरकावलं होतं. रंगाने ते पाण्यात पडताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

खरवडकर त्या रात्री जेवले नाहीत. तीस वर्षांत त्यांनी चोर पकडले होते, काहींना कोठडीतही बसवलं होतं. पण कुलूप लावणाऱ्याने आतल्या माणसाचा जीव आपल्या किल्लीला बांधून घेतलेला असतो, हे त्यांनी प्रत्येक नव्या शिपायाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सरळ राजगोपालसमोर जाऊन उभे राहिले आणि धनलक्ष्मीचं नाव घेतलं.

राजगोपालने आवाजही चढवला नाही. "ती केस मिटलेली आहे," तो म्हणाला. "तुम्ही भिंतीवर काचा लावल्यात, मी शेडला कुलूप लावलं. साइट राखायची म्हणजे हेच. तुम्ही माझ्या जागी असतात तर तेच केलं असतंत."

"मी किल्ली घेऊन गेलो नसतो."

"सगळे असंच म्हणतात." त्याने फाइल ओढली. "आणि ते भुताटकीचं खूळ माझ्या माणसांच्या डोक्यात भरू नका. उद्या मी स्वतः त्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो. सगळ्यांना दिसू दे."

खरवडकर पोलिसांकडेही जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्याने धनलक्ष्मीच्या मृत्यूचा कागद पाहिला, खालची सही पाहिली आणि नम्रपणे दार दाखवलं. परतताना बसमध्ये त्यांची मूठ इतकी आवळलेली होती, की कंडक्टरला दोनदा तिकीट मागावं लागलं. हा माणूस सुटला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. सुटला, आणि बढतीही घेणार.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला राजगोपाल मागच्या अंगाला गेला. मजूर इमारतीच्या सावलीत जेवत होते. खरवडकर तीस पावलं मागे होते. त्यांच्या हातात हॅक्सॉ होती, ती आता ते नेहमीच बाळगत. राजगोपालने शेडचं दार उघडलं, डोकं वाकवून आत शिरला आणि वळून म्हणाला, "बघा. काही आहे का?"

वारा अजिबात नव्हता. दार बंद झालं. कुणी लोटल्यासारखं नाही, आपल्या सवयीने झाल्यासारखं.

कडीत कुलूप होतं. ते केव्हा आलं, हे खरवडकरांना पुढे कधीच आठवलं नाही.

"खरवडकर," आतून आवाज आला. "हा काय चावटपणा आहे? उघडा."

खरवडकर एक पाऊल पुढे गेले आणि थांबले.

त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस.

पत्रा वाजू लागला. आधी हाताने, मग बुटाने. मागून रंगा धापा टाकत आला. "सार, कापा."

"थांब."

"सार, मी एकदां बसलों होतों. वर्षभर झोंप नाही. तुम्ही तरी कापा."

"थांब म्हटलं ना," खरवडकर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना अगदी शांत वाटला. बरं वाटलं त्यांना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

रंगाने हॅक्सॉला हात घातला. खरवडकरांनी ती सोडली नाही. म्हातारा ओढून ओढून खाली बसला.

पत्र्याचा आवाज खाली खाली येत गेला. खांद्याच्या उंचीवरून कमरेशी. कमरेवरून जमिनीपासून हातभर.

मग तो थांबला. आत कुणीतरी ऐकत असावं, असा थांबला.

बाहेर कुणी काही बोललं नव्हतं. तरी आतून राजगोपालने उत्तर दिलं. घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या आवाजात, पण अगदी स्पष्ट.

"खरवडकर," तो म्हणाला. "त्र्यंबक खरवडकर."

कुलूप उघडून जमिनीवर पडलं. बारा बावन्न झाले होते.

राजगोपाल दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारला. एवढ्या उन्हात सात तास माणूस कोंडलेला राहिला आणि कुणाला कळलं कसं नाही, असं तिथल्या डॉक्टरने पुन्हा पुन्हा विचारलं. बारा मिनिटं, असं खरवडकरांनी सांगितलं. डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि सात तास असंच लिहिलं.

खरवडकरांनी नोकरी सोडली. किल्ल्यांची फळी रंगाकडे सोपवली तेव्हा रंगाने ती घेतली, पण नजर वर केली नाही. साइटवर पुन्हा तसं कुलूप कुणाला दिसलं नाही, असं नंतर फोनवर कळलं. विद्युलताबाईंना त्यांनी फक्त तब्येतीचं कारण सांगितलं होतं.

अठ्ठावीस मे हा अग्निनक्षत्राचा शेवटचा दिवस. दुपारी विद्युलताबाई खालच्या मजल्यावरच्या कमलिनीकडे गेल्या होत्या. उकाडा सोसेना म्हणून खरवडकर दुसऱ्यांदा आंघोळीला गेले. दोन तांबे अंगावर घेतले आणि बाहेर कोयंडा खडखडला. मग कुलूप दाबून बसवल्याचा आवाज आला.

त्यांच्या बाथरूमच्या दाराला बाहेरून कोयंडाच नव्हता.

त्यांनी आतली कडी काढून दार ओढलं. ते हललं नाही. नळ सोडला, त्यातून गरम हवा आली. भिंतींच्या फरशा तापत चालल्या होत्या. बादलीच्या तळाला पाणी होतं, ते बघता बघता आटलं.

दाराला पाठ टेकून बाहेर कुणीतरी बसलं. विटा वाहायची पाटी फरशीवर टेकली.

खरवडकर प्रश्नाची वाट पाहू लागले. उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ते किती चटकन तयार झालं, याची त्यांना लाज वाटली, पण लाज फार वेळ टिकली नाही. पायाखालची फरशी पोळू लागली.

"रंगा," ते म्हणाले.

बाहेर काही हललं नाही.

"रंगा. तो फाटकावर होता. त्याला ऐकू येत होतं." ते दाराच्या फटीशी तोंड नेऊन तमिळमध्ये पुन्हा सांगू लागले, पत्ता, वय, घरी कोण कोण असतं. पलीकडे तिचा श्वास सावकाश, एकसारखा चालला होता.

तिने काही विचारलंच नव्हतं.