माझ्या पियानोवर ती वाजवायची

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्याच घरात घडलंय. मालाडला, गेल्या नवरात्रात.

आणि रात्री नाही... दिवसाढवळ्या.

मी श्रुतिका. मरोळला नोकरी करते. चाळिशीत पियानो शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. गोरेगावच्या रत्नप्रभाकाकूंकडून जुना इलेक्ट्रिक पियानो घेतला. त्यांची मुलगी जान्हवी वाजवायची, आता ती नाही, एवढंच त्या बोलल्या.

सकाळी डबा भरून झाला की मी जेमतेम थोडा वेळ बसायचे. उजवा हात चालायचा. डावा ऐकायचाच नाही.

एका संध्याकाळी सुयोग, माझा नवरा, म्हणाला, "आज काय झकास वाजवलंस गं! मीटिंग सोडून ऐकत बसलो."

त्याचं काम घरूनच चालतं. पण त्या सकाळी मी लवकर निघाले होते.

पियानोला हातही लावला नव्हता...

मी हसून मान डोलावली. लग्नानंतर इतकं कौतुक पहिल्यांदाच ऐकत होते.

मग हे रोजचंच झालं. मी ऑफिसला गेले की तो खूश. मी समोर बसून वाजवलं की मोबाइल बघायचा.

"आज मूड नाही वाटतं तुझा?" असं वर विचारायचा.

भीती नंतर वाटली. आधी अंगाची आग आग झाली.

दसऱ्याला सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते.

हॉलमधून सूर आले...

दोन्ही हातांचे. सफाईदार.

गॅस बंद करून बाहेर आले. स्टूल रिकामं होतं. पट्ट्या आपोआप दबत होत्या. सुयोग शेजारी उभा, डोळे मिटलेले, ओठांवर हसू.

माझ्याकडे बघून तो असा कधीच हसला नव्हता.

मी मागे जाऊन प्लग उपटला.

आवाज थांबला. पट्ट्या मात्र...

टक... टक... टक...

"थांबू नकोस ना, श्रुतिका," तो डोळे मिटूनच म्हणाला. रिकाम्या स्टुलाला.

"अरे, मी इथे आहे!" मी किंचाळले.

त्याने डोळे उघडले. पट्ट्या थांबल्या. तो घाबरला नाही हो...

त्याचा चेहरा पडला.

मी काकूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणी मन लावून ऐकणारं असेल, तरच वाजवायची ती."

फोन कट.

त्याच आठवड्यात मी पियानो मुलुंडच्या केतन नावाच्या एका मुलाला देऊन टाकला. टेम्पो आला तेव्हा सुयोग बेडरूममधून बाहेरसुद्धा आला नाही.

वाटलं, सुटलो.

काल केतनचा फोन आला.

"ताई, दादांना जरा सांगाल का? दर रविवारी येतात. पियानोजवळ उभे राहून नुसते हसतात. आई घाबरते हो माझी..."

मला तर तो जिमला जातो म्हणून सांगायचा.

आज रविवार. मी हे लिहितेय आणि सुयोग आरशासमोर उभा आहे. नवा शर्ट घातलाय. अत्तर लावलंय.

"येतो गं," म्हणाला.

मी त्याच्या वाटेत उभी राहिले. "नको ना जाऊस, सुयोग."

त्याने मला हलकेच बाजूला केलं.

"ती वाट बघत असेल," म्हणाला.