सौरवाऱ्यातला आडोसा

जेवणाचा डबा उघडण्याआधी नकाशा पाहायचा, ही उत्सुमींची जुनी सवय. नागानोच्या डोंगरावरची आणि खाली खोऱ्यातली, अशा दोन अँटेना दिवसभर दूरच्या आकाशगंगांचे रेडिओ संकेत टिपायच्या. सूर्याकडून सुटलेला वारा वाटेत आला की ते संकेत लुकलुकत, आणि त्या लुकलुकण्यावरून वाऱ्याचा नकाशा तयार होई. उत्सुमींचं उभं आयुष्य त्यातच गेलं होतं.

आठवडाभर मात्र नकाशातली एक जागा गप्प होती. तिथून येणारे संकेत लुकलुकतच नव्हते. वारा तिच्या दोन्ही अंगांनी फाटून पुढे जात होता.

"सेन्सेई, हा आडोसा आहे," त्यांची सहायक साकाकी म्हणाली. "मध्ये काहीतरी उभं आहे. आणि ते रोज थोडं जवळ येतंय."

"तिथे कुणी भिंत बांधलीय का?" उत्सुमी हसले. "डोंगरावरच्या अँटेनावर बर्फ साचला असेल. जाऊन झाडून या."

"आणि नसला साचला तर?"

"तर आज उदोन नूडल्स माझ्याकडून."

"दोन वाडगे हं. वर तळलेली कोळंबी!" जॅकेट चढवत ती निघाली.

दुपारी तिचा फोन आला. पलीकडे वारा नुसता घोंघावत होता.

"अँटेना स्वच्छ आहे, सेन्सेई. काढा पैसे!"

मग घोंघावणं एकदम थांबलं. फोन चालूच होता.

"साकाकी-सान?"

"इथे आडोसा झालाय," ती हळूच म्हणाली. "किती बरं वाटतंय."

त्यानंतर ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उत्सुमी वर पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं. शोधपथक रानाच्या कडेने तिला हाका मारत होतं. तिची गाडी जागेवर होती. वारा अंगाला झोंबत होता. अँटेनाच्या प्रत्येक खांबामागे, आडोशाच्या बाजूला, त्याने बर्फाची लांबट शेपटी ओढली होती.

पलीकडच्या मोकळ्या जागेत काहीच उभं नव्हतं. तिथेही दोन शेपट्या होत्या. एक भिंतीएवढी रुंद. तिला लागून दुसरी, माणसाच्या खांद्यांएवढी.

उत्सुमी त्या अरुंद शेपटीवर जाऊन उभे राहिले. अंगावरचा वारा थांबला.

त्यांना रडू कोसळलं. पोरगी आठवडाभर सांगत होती. ऐकायला हवं होतं, निदान स्वतः तरी यायला हवं होतं. झाडून या म्हणे!

"चला, साकाकी-सान," ते म्हणाले. "माझं चुकलं. घरी चला."

ते गाडीकडे निघाले. उतारावरची झाडं वाकत होती, पण त्यांच्या गालाला वारा लागत नव्हता. ती सोबत येतेय, असं वाटून ते मुद्दाम हळू चालले.

गाडीपाशी त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले. खांद्यांएवढ्या आडोशाबाहेर बोटांना वारा झोंबायला हवा होता.

झोंबला नाही.