शिसवीची ओली फळी

कंदील बारीक करा आणि आधी त्या झोपाळ्यावरून उतरा बघू. आपला झोपाळा सागवानी आहे, त्याची भीती नाही. पण ही गोष्ट झोपाळ्यावर बसून ऐकायची नाही. समोरच्या घरातल्या गुरुराजची आहे. त्यानं स्वतः मला सांगितली, तीही एकदाच.

चोपन्न साल. कार्तिकातली अमावास्या, गुरुवार. दिवेलागणीला गुरुराज बंडी जुंपून जवळच्या तिरुविसनल्लूर गावी निघाला, आत्याला आणायला. मुलीचं, सरोजाचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि कुंभकोणातले लोक विचारू लागले होते, "वेंकटलक्ष्मी कुठं दिसत नाही?" त्याला काळजी आत्याची नव्हे, लोकांची.

ही वेंकटलक्ष्मी नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. गुरुराजची आई लवकर गेली, त्याला हिनंच वाढवला. पण पुढच्या ओट्यावर तिनं बसायचं नाही, झोपाळ्यावर तर नाहीच नाही. आपल्या शहाण्या लोकांची रीत! म्हणून पोरीनं परसात शिसवीचं रोप लावलं. आंघोळ झाली की ओलेत्यानंच त्याला दोन घागरी घालायची. शिसव काही हदग्यासारखी झरझर वाढत नाही. ही म्हातारी झाली तेव्हा कुठं खोड कवेत मावेनासं झालं. अंगावरचं सोवळं वाळेपर्यंत ती त्या सावलीत बसून राहायची. एवढ्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा.

सरोजाची सोयरीक आदल्या वर्षीच ठरली. व्याही आडुतुरैचे, नाक वर करून चालणारे. लग्नात वधूवरांना ऊंजलवर बसवतात, झोके देत गाणी म्हणतात, तो झोपाळा घरच्या शिसवीचा हवा, असं गुरुराजच्या मनानं घेतलं. आत्या म्हणाली, "मी गेल्यावरी तोड रे. तोवरी मजला बसायला दुसरी जागा कुठं?"

"बरं आत्या," म्हणाला हा. आणि त्याच वर्षी कार्तिकी अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते ना, त्या स्नानाला तिला तिकडे पाठवून दिलं. मागे झाड पाडलं. केसानं गळा कापला, दुसरं काय!

ती परतली. बुंध्याकडे पाहिलं. "बेस केलंस," एवढंच म्हणाली आणि तिरुविसनल्लूरलाच चुलतबहिणीकडे निघून गेली. शिसव सावलीत वाळवावी लागते, उन्हात चिरते. सावली देणारं झाड तर आडवं झालेलं. मग फळी कुठं ठेवली ठाऊक आहे? तिच्याच रिकाम्या खोलीत. वर्षभर.

तर त्या रात्री. पाऊस नुकता थांबलेला. गाव अजून पुढं होतं. रस्त्याच्या कडेला कोणी उभं... आत्या. एकटी. अंगावर ओलं सोवळं.

"चल," म्हणाली.

मागे बसली. बैल बिचकले. मग असे धावत सुटले की हाकावे लागले नाहीत.

"आत्या, लुगडं तरी बदलायचंस. गारठशील."

पाणी तेवढं ठिबकत होतं... टप... टप...

मागून आवाज आला. "गुरु, फळी वाळली?"

"वाळली आत्या. कालच टांगली."

"बेस. बसायला जागा झाली."

त्याला मागे वळून पाहायचं होतं. मान वळेना...

घर आलं. ती उतरली. जन्मभर परसदारानं आत-बाहेर करणारी बाई. त्या रात्री पुढच्या दारानं गेली.

हा बैल सोडत होता. आत कड्या करकरल्या. पुन्हा करकरल्या...

कंदील घेऊन धावला. झोपाळा हलत होता.

वर कोणी नाही.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. त्या चुलतबहिणीचा मुलगा, शामसुंदर. धापा टाकत म्हणाला, "अण्णा, मावशी दुपारीच गेली. स्नान करून आली, ओलेत्यानंच भिंतीला टेकली. उठलीच नाही. तुम्ही न्यायला येणारच म्हणून वाट पाहत बसलो..."

गुरुराजनं काय उत्तर दिलं, मी विचारलं नाही.

सुतक फिटल्यावर सरोजाचं लग्न झालं, आपल्या या सागवानी झोपाळ्यावर. ती शिसवीची फळी तशीच आहे. मधोमध एका माणसाच्या बैठकीएवढी ओल. सुतारानं रंधा मारला, सकाळी ओल पुन्हा तिथंच. चैत्राच्या उन्हात टाकली. चिरली नाही, वाळलीही नाही.

मी हात लावून पाहिलाय. गार लागते. झाडाखालची माती लागते तशी.