लिअँडरची गाठ

डॉक्टर प्रिचर्डनी पडद्यावर बोट ठेवलं. मला मूत्रपिंड द्यायला निघालेल्या माझ्या भावाच्या, लिअँडरच्या, डाव्या मूत्रपिंडावर वाटाण्याएवढी गाठ होती. चरबीची, निरुपद्रवी. तरी रुग्णालयाच्या समितीला ते मूत्रपिंड नको होतं.

"मला चालेल," मी म्हटलं. "तेवीस वर्षं कारखान्यात खेकडे निवडतेय. नांगी तुटली म्हणून अख्खा खेकडा कुणी फेकत नाही."

"अगं डल्से, माल माझा आणि वकिली तुझी!" लिअँडर हसला.

डायलिसिसच्या खुर्चीत मी तीन वर्षं काढली होती. भांडभांड भांडून समितीला नमवलंच. हॅलिफॅक्सला प्रिचर्डनी मूत्रपिंड काढलं, बर्फात ठेवूनच गाठ कापली, शिवलं आणि माझ्या ओटीपोटात बसवलं. पहिल्याच दिवशी ते कामाला लागलं.

चौथ्या महिन्यात तिथेच, कातडीखाली, बोटांना वाटाणा लागला. सोनोग्राफीत काही दिसेना. प्रिचर्डच्या हाताला मात्र लागला, आणि तो उडत होता. माझी नाडी शहात्तर. त्याची चोपन्न.

"चोपन्न माझी असते," लिअँडर फोनवर म्हणाला. "फुकट राहतेय होय? भाडं लाव."

मे महिन्यात, खेकड्यांच्या हंगामात, त्याची बोट परतली नाही. सहा दिवसांनी शोध थांबला. आमच्या खाडीवरच्या चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना झाली. मी गेले नाही. सगळ्यांचा संताप आला होता मला. गाठ उडत होती की अजून!

मिनिटाला तीस. मग अठरा. मग चार.

बोट हरवल्याच्या एकोणिसाव्या दिवशी प्रिचर्डनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. "बाई, गाठ पुन्हा आलीय. थांबलो तर मूत्रपिंडच जाईल. काढू द्या मला."

"आधी हात लावा. मग बोला."

त्यांनी दोन बोटं ठेवली आणि घड्याळ पाहत राहिले. पूर्ण मिनिटभर.

मग तारीख खोडली.

बराच वेळ ते गरम पाण्याखाली हात धरून उभे होते. दोन्ही बोटं गारठून निळी पडली होती.

घरी येऊन मी पोटाला लोकरीची शाल घट्ट गुंडाळली आणि पेटत्या शेगडीला चिकटून बसले. कापायला कुणी येऊनच दाखवा.

संध्याकाळी मोजलं. चारचे सहा झाले होते.